‘सिस्टरला पेशी कशाला?’ असं विचारणाऱ्यांना

‘सलाईन लावता आलं, इंजेक्शन देता आलं, बीपी बघता आलं की झालं. पेशी, जंतू आणि जीवनसत्त्वं शिकवून पोरींचं वर्ष कशाला वाया घालवता?’ परभणीत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवायला लागले त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर तो विचारतात, मुलीची फी भरायला आलेले वडील विचारतात, आणि कधी कधी आमच्याच शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता तो निघतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. वॉर्डात माणसं कमी आहेत, मुली लवकर हाताशी याव्यात, एवढीच त्यांची निकड असते. म्हणून या प्रश्नावर चिडून उपयोग नाही. त्याला नीट, मुद्द्याला मुद्दा ठेवून उत्तर द्यायला हवं.

त्यांचं म्हणणं चार मुद्द्यांत मांडता येतं. पहिला, नर्सचं काम हाताचं आहे. त्याला सवय लागते, शास्त्र लागत नाही. दुसरा, जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला येणाऱ्या पुष्कळ मुली बारावी कला शाखेच्या, मराठी माध्यमाच्या असतात. त्यांना हे झेपत नाही. तिसरा, जंतूंसाठी प्रयोगशाळा आहे, आहारासाठी आहारतज्ज्ञ आहेत, निर्णयासाठी डॉक्टर आहेत; नर्सने लिहून दिलेलं यादीप्रमाणे करावं. चौथा मुद्दा सहसा आवाज खाली आणून सांगितला जातो: फार शिकवलं की या मुली उलट प्रश्न विचारायला लागतात. पहिले तीन मुद्दे मला चुकीचे वाटतात. चौथा रुग्णाच्या जिवावर उठणारा आहे.

आधी एक प्रसंग सांगते. उन्हाळ्याचे दिवस, बालरुग्ण विभाग, जुलाब-उलट्यांच्या लेकरांनी भरलेल्या खाटा. माझी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी खाटांवरून फिरत होती. जिंतूरकडची एक आई दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. केस पेपरवर ओआरएस लिहिलेलं, चार्टवर दिल्याची खूण केलेली. पोरगं मात्र चिडचिडं झालेलं, ओठ कोरडे, हात सारखा ग्लासाकडे. आई म्हणाली, ‘सिस्टर, सकाळपासून पाकीटच पाजायलेय की. लेकरू पिऊन पिऊन अजूनच सुकायलंय.’

माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, ‘ताई, पाकीट कशात कालवलं?’

आईने उशाचा स्टीलचा ग्लास दाखवला. एक लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात.

पोरीने ग्लास बाजूला ठेवला, इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, डॉक्टरांना बोलावलं, मुलाला तपासून घेतलं. मग ती त्या बाईजवळ बसली आणि म्हणाली, ‘ताई, लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवता तेव्हा काय होतं?’

‘पाणी सुटतंय की.’

‘कैरीतलं पाणी मीठ ओढून घेतं. ग्लासातलं औषध असं दाट केलं की तेही लेकराच्या अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. म्हणून जुलाब वाढलेत, म्हणून त्याला एवढी तहान लागलीय.’

बाई क्षणभर गप्प झाली. मग तिने स्वतःच पदराने पुसून पाण्याची लिटरची बाटली पुढे केली.

यात झालं काय ते आकड्यांत बघा. ओआरएसच्या एका लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते: मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. एक लिटर पाण्यात ते विरघळवलं की द्रावणाची तीव्रता २४५ मिलीऑस्मोल होते. रक्ताची साधारण २९० असते, म्हणजे द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ राहतं आणि पाणी आतड्यातून शरीरात जातं. तेच पाकीट २०० मिलीच्या ग्लासात कालवलं की तीव्रता पाचपट, बाराशेच्या वर. आता पाण्याची दिशा उलटते. शरीरातलं पाणी आतड्यात येतं, रक्तातलं सोडियम वाढतं, मेंदूच्या पेशी आकसतात आणि पोराला झटके येऊ शकतात. बाजारात २०० मिलीची लहान पाकिटंही मिळतात, त्यामुळे घोटाळा व्हायला जागाच जागा.

आता मला सांगा, ही चूक कोणत्या यादीत सापडली असती? ‘ओआरएस द्या’ हा आदेश पाळला गेला होता. चार्ट पूर्ण होता. हाताचं काम झालेलं होतं. चूक सापडली ती ‘द्रावण दाट असेल तर पेशीतलं पाणी बाहेर येतं’ हे एक वाक्य डोक्यात मुरलं होतं म्हणून. ती मुलगी कला शाखेची होती, हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या मुद्द्याला ते लागणार आहे.

पहिला मुद्दा घेऊ: काम हाताचं आहे. हो, आहे. पण हाताला लागलेली सवय ही कारणाशिवाय किती दिवस टिकते, याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बाया मरत. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन विद्यार्थी बाळंतिणींना तपासतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आलं. १८४७च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलमध्ये विभागातला मृत्युदर १८ टक्क्यांवर होता. जुलैत तो सव्वा टक्क्याच्या आसपास आला. एवढं डोळ्यांसमोर घडूनही हा नियम वैद्यकविश्वाने स्वीकारला नाही, कारण हात का धुवायचे याचं पटेल असं कारण तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. जंतूंचं शास्त्र पाश्चर आणि कॉख यांच्या हातून पुढे आलं, तेव्हा कुठे हात धुण्याची सवय रुजली. कारण सांगता न आल्यामुळे मधल्या काळात किती बाळंतिणी गेल्या असतील!

दुसरा दाखला आपल्या देशातला, आणि त्याची एक दोरी मुंबईत आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ही लस देशभर गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना बाजूला व्हावं लागलं. पाच वर्षांनी, १९०७ साली, त्यांची निर्दोषता मान्य झाली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्याने बूच काढलं.

त्या मदतनिसाकडे नीट बघा. तो निष्काळजी नव्हता. चिमटा पडला, तो उचलून त्याने जंतुनाशकात बुडवला. त्याच्या हाताला सवय होती. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच की मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, बीजाणूंचं कवच घट्ट असतं, आणि कार्बोलिकच्या एका बुडीने ते मरत नाहीत. आजही वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रेमधला चिमटा खाली पडतो. आजही स्पिरिटने पुसून तो परत ठेवण्याचा मोह होतो. स्पिरिट बीजाणूंना मारत नाही. त्यांना ऑटोक्लेव्हची दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांची, निदान पंधरा मिनिटं. हे ज्या मुलीला कारणासह कळलं आहे, ती पडलेला चिमटा बाजूला ठेवते. कोणी बघत नसलं तरी ठेवते. रात्री तीन वाजता नियमाला पहारेकरी नसतो. तेव्हा साथ देतं ते कारण.

पेशींचंही तसंच. वॉर्डात सगळे जिला ‘केसीएल’ म्हणतात ती पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्यूल घ्या. आतलं औषध दिसायला इंजेक्शनच्या पाण्यासारखंच. ती कधीही थेट शिरेत सोडायची नाही, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायची, हा नियम प्रत्येक मुलीकडून पाठ करून घेतला जातो. पण पाठांतर थकव्यात निसटतं. त्याऐवजी तिला हे दाखवा की आपल्या शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत साधारण १४०, बाहेर रक्तात साडेतीन ते पाच. या फरकावरच हृदयाच्या स्नायूची वीज चालते. बाहेरची पातळी एकदम चढली की फरक मोडतो आणि हृदय थांबतं. हे समजलेल्या मुलीला केसीएलची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

शिवाय एक कारण समजलं की त्यातून दुसऱ्या चार गोष्टी आपोआप उलगडतात. बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि अहवालात ते खोटंच वाढलेलं दिसतं; मग ती नमुना पुन्हा घेते. नुसतं पाणी शिरेत का देत नाहीत आणि ०.९ टक्के मिठाचंच सलाईन का, हे तिला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. अतिकुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आलं की पहिल्याच दिवशी त्याला पोटभर का खाऊ घालायचं नाही, आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध थोडं थोडं का द्यायचं, हेही तिला कळतं. उपासमारीत पेशींचे पंप मंदावलेले असतात. एकदम अन्नाचा मारा झाला तर रक्तातले क्षार पेशींत खेचले जातात आणि मूल खाता खाता जाऊ शकतं. मायेने भरवणाऱ्या आजीला ‘थोडं थांबा, मावशी’ असं सांगायला नुसता नियम पुरत नाही. कारण सांगावं लागतं, तेही तिला पटेल असं.

दुसरा मुद्दा: या मुलींना झेपत नाही. पाथरी, पालम, सोनपेठ, गंगाखेड, सेलू, पूर्णा इथून येणाऱ्या मुली मी इतकी वर्षं बघते आहे. काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात, काहींनी दहावीनंतर सूक्ष्मदर्शक पाहिलेलाच नसतो. ‘झेपत नाही’ हा शेरा त्यांच्यावर मारण्याआधी थोडं आजूबाजूला बघा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. मराठवाड्याच्या वेशीवरचा तो दुष्काळी मुलूख. गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित कुटुंबांतल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. शरीर कसं चालतं, जुलाबात पाणी का जातं, गर्भारपणात रक्त का कमी होतं, हे सगळं त्या बाया शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर घरीच उपचार करायला शिकवलं. तिथला अर्भकांचा नवजात काळातला मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

यावर एक प्रामाणिक हरकत येते, आणि तिला बगल द्यायची नाही. ‘त्या बायांना कुठे पेशीविज्ञान शिकवलं होतं? त्यांना लक्षणं शिकवली, नियम शिकवले. तुमच्या मुलींनाही तेवढंच पुरे.’ गडचिरोलीच्या आरोग्यदूत एका ठरावीक आजाराची ठरावीक लक्षणं बघत होत्या, आणि त्यांच्या मागे देखरेख करणारी खडी फौज होती. रात्रपाळीच्या नर्सपुढे मात्र एकाच वॉर्डात हृदयरोगी, मधुमेही, सर्पदंशाचा शेतकरी आणि बाळंतीण असते. एवढ्या सगळ्यांची यादी कोण करणार? ज्याची यादी करता येत नाही, त्यासाठीच मूळ तत्त्वं शिकवायची असतात. आणि जामखेडने सिद्ध केलं आहे की मूळ तत्त्वं कळायला विज्ञान शाखेचा दाखला लागत नाही. शिकवणाऱ्याला बाईच्या भाषेत बोलता यावं लागतं.

बायांना हे जमणार नाही, हे म्हणणंही काही नवं नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, १९०९च्या स्थापनेनंतर, हिंदू स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. तेव्हाच्या समाजाला तो विचारही सोसला नव्हता. ज्या वाटेने त्या पहिल्या बाया गेल्या, त्याच वाटेने माझ्या मुली आल्या आहेत. त्यांच्या डोक्याला कुंपण घालण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाच नाही.

तिसरा मुद्दा: प्रयोगशाळा आहे, आहारतज्ज्ञ आहेत, नर्सने यादी पाळावी. कागदावर हे शोभतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात उभं राहून बघा. तिथे आहारतज्ज्ञ नसतो, सिस्टर असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हाच आकडा ६८.९ टक्के. लोहाची गोळी सरकार देतं: ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, गरोदरपणात १८० दिवस रोज. मग रक्त का वाढत नाही? गावात गेलं की कारणं ऐकू येतात. गोळी उष्ण पडते. संडास काळी होते, भीती वाटते. चार दिवस घेतली, काही फरक पडला नाही, सोडली. आणि जी नेमाने घेते ती सकाळच्या चहाबरोबर घेते, कधी कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात.

यातल्या एकेका गोष्टीचं उत्तर शास्त्रात आहे. चहातलं टॅनिन आणि गोळीतलं कॅल्शियम लोह शोषू देत नाहीत, लिंबू मदत करतं. काळी संडास म्हणजे न शोषलेलं लोह, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि चार दिवसांत फरक का दिसत नाही? तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह हाडांच्या मगजात जाऊन नव्या पेशी घडवतं, त्या हळूहळू जुन्यांची जागा घेतात. शेतात पेरलं की चार दिवसांत कणीस येतं का, असं विचारलं की आमच्याकडची कोणतीही बाई समजते. ‘गोळी घ्या’ हे सांगणारी सिस्टर गोळ्या वाटते. १२० दिवसांचं कारण सांगणारी रक्त वाढवते.

आहाराचा विषय तर परभणीत शिकवायचा नाही तर कुठे? कृषी विद्यापीठ आमच्या दारात आहे, १९७२पासून. त्या विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या संशोधन संस्थेने मिळून काढलेलं ज्वारीचं ‘परभणी शक्ती’ वाण २०१८ साली आलं. देशातलं हे पहिलं जैवसंपृक्त ज्वारीचं वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह, यात ४५. जस्त २० ऐवजी ३२. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरी ज्वारी पिकते. ‘दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह’ हा बाईसाठीचा शिफारशीचा आकडा पुस्तकातून पाठ करण्याऐवजी, तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून किती मिळालं, हे त्यांनी स्वतः मांडून बघावं: एकीत ९, दुसरीत साडेतेरा. मग पुढचा प्रश्न त्या स्वतःच विचारतात: ताटातलं सगळं रक्तात जातं का? नाही, धान्यातलं फायटेट ते अडवून धरतं. पीठ आंबवून आंबील केली की फायटेट कमी होतं, कारण आंबवणारे जंतू ते फोडायला मदत करतात. इथे जंतुशास्त्र, पेशी आणि आहार हे तिन्ही विषय आजीच्या एका मडक्यात भेटतात. हे तीन निरुपयोगी पेपर आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते मडकं एकदा बघावं.

आणि मुरुंबा विसरू नका. जानेवारी २०२१मध्ये परभणी तालुक्यातल्या या गावात सुमारे ८०० कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लूचं निदान झालं. गावापासून एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या नष्ट करायला लागल्या. कोरोनाचा काळ, त्याच महिन्याच्या १६ तारखेला लसीकरण सुरू होत होतं. माणसं आधीच धास्तावलेली. घरोघर एकच प्रश्न: अंडं खायचं का नाही? हा प्रश्न कुठल्या प्रयोगशाळेला विचारला जात नाही, दारात आलेल्या सिस्टरला विचारला जातो. ‘खाऊ नका’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात, आणि जिथे लेकरांना दुसरं स्वस्त प्रथिन मिळत नाही तिथे तो एक शब्द महाग पडतो. योग्य उत्तर द्यायला हे ठाऊक असावं लागतं की हा विषाणू आतपर्यंत ७० अंश तापलं की टिकत नाही, म्हणून नीट उकडलेलं अंडं चालतं. कच्च्या कोंबडीला, पिसांना, विष्ठेला हात लावणं हा खरा धोका आहे. आणि विषाणूभोवती चरबीचं आवरण असल्यामुळे साबण त्याला मोडतो. ही ओळ विषाणूच्या रचनेच्या धड्यात आहे. त्याच धड्याला काही जण ‘नुसतं पाठांतर’ म्हणतात.

आता चौथा मुद्दा. शिकलेली नर्स उलट विचारते. हो, विचारते, आणि विचारायलाच हवं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सुमारे शंभर अतिदक्षता विभागांत केलेलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या: हात धुणं, योग्य जंतुनाशक, रुग्णाला पूर्ण झाकणं, अशा. रक्तातला जंतुसंसर्ग दोनतृतीयांश कमी झाला. लोक यातली यादी तेवढी लक्षात ठेवतात आणि तिसऱ्या मुद्द्याला आधार म्हणून दाखवतात. यादीबरोबर दुसरीही एक गोष्ट ठरलेली होती: कोणी पायरी चुकवली तर काम तिथेच थांबवायचं, करणारा डॉक्टर असला तरी. डॉक्टरला ‘थांबा’ म्हणायची हिंमत नुसत्या यादीतून येत नाही. ‘का थांबायचं’ हे माहीत असावं लागतं. आणि जो डॉक्टर आपल्या कामात पक्का आहे, त्याला हा प्रश्न अपमान वाटत नाही. मी असे डॉक्टर परभणीतच पाहिले आहेत, जे राउंडला मुलींना स्वतःहून विचारतात, ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’

एवढं बोलल्यावर आमच्या बाजूचीही कबुली द्यायला हवी. हा प्रश्न लोकांच्या तोंडी आला त्याला आम्ही शिकवणारेही जबाबदार आहोत. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्राला ३० तास, आहारशास्त्राला ३० तास. त्या ३० तासांत आम्ही जंतूंची लॅटिन नावं उतरवून देतो, पेशीची आकृती फळ्यावर काढतो, मुली ती जर्नलमध्ये रंगवतात. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सगळं विसरतं. मी स्वतः पहिली काही वर्षं असंच शिकवलं. सूक्ष्मदर्शक कपाटात, किल्ली कारकुनाकडे. अशा शिकवण्याला कोणी निरुपयोगी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण चूक शिकवण्याची आहे. तिची शिक्षा विषयाला आणि शेवटी रुग्णाला देऊ नका.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१च्या बीएस्सी अभ्यासक्रमात विषयाचं नावच ‘उपयोजित सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण’ या अर्थाचं केलं आणि ४० तासांच्या जोडीला ४० तास प्रयोगशाळेला दिले. दिशा बरोबर आहे. जीएनएमच्या मुलींनाही तीच दिशा मिळायला हवी, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. न धुतलेल्या बोटांचा एक ठसा, धुतलेल्या बोटांचा दुसरा, दोन्ही आगरच्या बशीवर. दुसऱ्या दिवशी बशी उघडल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती हात धुण्याच्या दहा पोस्टरांना जमत नाही. कैरी, मीठ, भिजवलेले मनुके आणि तीन वाट्या पाणी एवढ्यात पेशीचं आवरण शिकवता येतं. आंबिलीचा एक थेंब काचपट्टीवर घेतला की जंतू सगळेच वैरी नसतात हे दिसतं. विद्यापीठाच्या गृहविज्ञानाच्या मंडळींकडे मुलींना एक दिवस न्यावं, एक दिवस आठवडी बाजारात, शंभर रुपयांत घरभराला पुरेल असं प्रथिन आणि लोह विकत आणायला सांगावं. इंग्रजी संज्ञा शिकवाव्यातच, पण अर्थ मराठीत मुरू द्यावा, कारण रुग्ण मराठीत विचारणार आहे.

जिंतूरकडच्या त्या बाईकडे परत येते. तिचा मुलगा सावरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तेव्हा शेजारच्या खाटेवर नवी आई आली होती, हातात पाकीट आणि ग्लास घेऊन. मी काही बोलायच्या आत जिंतूरच्या बाईने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि आपली बाटली पुढे केली. ‘ग्लासात नको कालवू, बाई. लिटरभर पाण्यात कालव. नाही तर लेकराचं कैरीवानी होतंय.’ माझी विद्यार्थिनी तेव्हा ड्यूटीवर नव्हती, वर्गात बसली होती.